अंगठा कुठे द्यायचा, कुठे नाही? सांगलीच्या सेवा केंद्रात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या माझ्या सेवा केंद्रात टेबलावर थंब मशीन असतं, आणि दिवसभर त्यावर बोटं टेकत असतात. पीएम किसानच्या केवायसीला आलेले शेतकरी, पेन्शनवाले आजोबा, नवीन सिम घेतलेली पोरं. मशीनचा लाल दिवा लागला की बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि काहीतरी विचारतात. प्रश्न ठरलेले असतात, पण प्रत्येकाला नीट उत्तर द्यायला रांगेत वेळ मिळत नाही. म्हणून ते इथं लिहून काढले आहेत.

ताई, हे मशीन माझ्या अंगठ्याचा फोटो काढून ठेवतं का?

बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, याच्या जागा मशीन टिपतं. या जागांचा आकड्यांमध्ये एक आराखडा बनतो आणि पुढच्या वेळी तोच पडताळला जातो. चेहऱ्याचंही तसंच. डोळ्यांतलं अंतर, नाकाची-जबड्याची ठेवण यांचं गणित होतं. बुबुळाच्या नक्षीचंही होतं. आधारमध्ये तुमची दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो आहे. आता "फोटो ठेवत नाहीत" एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. काही मशीन ठशाची प्रतिमाच पाठवतात, आणि नुसत्या आराखड्यावरूनही मूळ ठशासारखा ठसा बऱ्याच अंशी उभा करता येतो.

हे एवढं वाढलं कधी?

अंगठा लावणं आपल्याला नवीन नाही. सातबाऱ्याच्या कागदावर, सोसायटीच्या कर्जावर आजीने शाई लावून अंगठा उमटवलेलाच असतो. ठशांवरून माणूस ओळखण्याची सरकारी कचेरी कलकत्त्यात १८९७ साली सुरू झाली. त्या ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पहिला आधार क्रमांकही आपल्याच राज्यात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. २०१३ साली आयफोनमध्ये बोटाचा सेन्सर आला आणि काही वर्षांत आठ-दहा हजारांच्या फोनमध्येही तो मिळायला लागला.

फरक पडला तो शाई गेल्यामुळे. शाईचा अंगठा त्या एका कागदावर राहायचा आणि कागद कपाटात राहायचा. आजचा अंगठा मशीनमधून कुठे जातो ते देणाऱ्याला दिसत नाही.

मग मोबाईलला लावलेला अंगठा आणि रेशन दुकानातला अंगठा एकच का?

बोट तेच, पण गोष्टी पूर्ण वेगळ्या. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

तुमच्या फोनचं कुलूप तुमच्या बोटाने उघडतं तेव्हा तो आराखडा फोनमधल्याच एका बंदिस्त कप्प्यात असतो. चांगल्या फोनमध्ये तो कंपनीकडेही जात नाही आणि बँकेच्या ॲपलाही मिळत नाही. ॲप फक्त विचारतं, "बोट जुळलं का?" आणि फोन "हो" किंवा "नाही" एवढंच सांगतो. फोन विकताना तो रीसेट केला की आराखडाही पुसला जातो.

रेशनच्या किंवा माझ्याकडच्या मशीनवरचा ठसा आधारच्या सर्व्हरकडे पडताळणीला जातो. तिथून येणारं उत्तरही "हो-नाही" असंच असतं. आधारचा मूळ ठसा कुणालाही, कुठल्याही कारणाने देता येणार नाही, असं आधार कायद्याचं कलम २९ सांगतं.

तिसरा प्रकार जिमच्या दारावरचं मशीन, क्लासमधलं हजेरीचं मशीन, एखाद्या अपार्टमेंटच्या गेटवरचा चेहऱ्याचा कॅमेरा. याचा आधारशी काही संबंध नसतो. तुमचा ठसा त्या मालकाच्या कॉम्प्युटरवर किंवा मशीन विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पडतो. त्याला पासवर्ड आहे का, मशीन भंगारात देताना मेमरी पुसली का, हे कुणी तपासत नाही. लोक आधारला घाबरतात आणि जिमला बिनधास्त बोट देतात. मला काळजी या तिसऱ्या प्रकाराची जास्त वाटते.

म्हणून अंगठा टेकवायच्या आधी एकच विचारा : हा साठणार कुठे?

पासवर्ड विसरतो, अंगठा विसरत नाही. मग अंगठाच चांगला ना?

फोनच्या कुलपासाठी हो. १२३४ किंवा जन्मसाल ठेवणाऱ्यापेक्षा बोट लावणारा कितीतरी सुरक्षित. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. २०१५ साली अमेरिकेत सरकारी नोकरांची माहिती ठेवणाऱ्या कार्यालयातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. त्या लोकांना नवीन बोटं कोण देणार? शिवाय पासवर्ड डोक्यात असतो, ठसा आपण चहाच्या ग्लासावरसुद्धा सोडून येतो. चेहरा तर दिवसभर उघडाच असतो.

अंगठ्याची नक्कल करून पैसे काढतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. आधारवरून पैसे काढायला तीन गोष्टी लागतात : आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा. ओटीपी नाही, पिन नाही. गावात एटीएम नसलेल्या माणसासाठी ही सोय फार मोठी आहे आणि मी स्वतः ती रोज देते. पण चोराच्या दृष्टीनेही ती तेवढीच सोपी आहे. तेलंगणा आणि हरियाणासारख्या राज्यांत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या, ज्या जमिनीच्या खरेदीखतांच्या ऑनलाइन प्रतींवरून ठसे आणि आधार क्रमांक उचलायच्या आणि रबरी नक्कल बनवायच्या. अशा नकला ओळखण्यासाठी आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठशाची तपासणी कडक केली. त्यामुळे प्रकार कमी झाले तरी थांबलेले नाहीत.

आमच्या घरातच हे घडलं. माझ्या मामी मिरजेजवळच्या खेड्यात राहतात. २०२३ च्या पावसाळ्यात एका दुपारी त्यांच्या खात्यातून दहा हजार गेले. मेसेज आला होता, पण तो इंग्रजीत, आणि मामींना वाटलं रिचार्जचा असेल. पासबुक भरायला गेल्यावर कळलं. बँकेतल्या माणसाने सगळ्या रांगेसमोर सांगितलं, "अंगठ्याशिवाय पैसे निघतच नाहीत, म्हणजे तुम्हीच काढले असणार. नाहीतर घरच्या कुणीतरी नेऊन लावला असणार." मामींनी घरी येऊन पहिल्यांदा स्वतःच्या मुलाकडे संशयाने बघितलं. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं. त्या दिवशी त्या अंगठा उलटसुलट करून बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "म्हंजे आता ह्यो अंगठा वापरायचा न्हाई व्हय मी?"

ठसा कुठून गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पैसे दोन महिन्यांनी परत आले, तेही लेखी तक्रारी धरून ठेवल्या म्हणून.

पैसे गेलेच तर पहिल्यांदा काय करायचं?

१९३० ला फोन. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यात अडवायचे तर वेळ हीच सगळी ताकद असते. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. "तोंडी सांगितलं होतं" याला नंतर कुणी विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली आणलेल्या नियमानुसार तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीही जबाबदारी येत नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. मामींना रांगेत जे ऐकावं लागलं ते या नियमाच्या अगदी उलट होतं. दुसऱ्याच्या ओळखचिन्हाचा फसवणुकीसाठी वापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे पोलिसांत तक्रार द्यायला कचरू नका.

आधारचं बायोमेट्रिक लॉक म्हणजे काय? ते केलं तर काम अडतं का?

लॉक केलं की तुमचं बोट, बुबुळ, चेहरा यांपैकी काहीच आधारच्या पडताळणीला चालत नाही. नक्कल केलेला ठसाही चालत नाही. ओटीपी मात्र चालतो. माय-आधारच्या वेबसाइटवर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये लॉक करता येतं, फुकट. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असला पाहिजे, एवढीच अट.

अडतं ते रेशनला आणि आधारवरून पैसे काढायला. मशीनवर ३३० क्रमांकाची एरर आली तर समजा लॉक आहे. अशा वेळी ॲपमधून तात्पुरतं अनलॉक करा. ते दहा मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप पुन्हा बंद होतं. ज्यांचं रेशन आणि पेन्शन दोन्ही अंगठ्यावर आहे आणि घरात स्मार्टफोन वापरणारं कुणी नाही, त्यांना मी लॉक करायला सांगत नाही. ऐन दुकानाच्या दारात अडकतील. बाकी सगळ्यांनी करावं.

माझा ठसाच उमटत नाही. मी काय करू?

हा प्रश्न मला आठवड्यातून दहा जण तरी विचारतात, आणि ते सगळे हाताने काम करणारे असतात. मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बायका, तासगावकडे बेदाणा काढणाऱ्या, ऊसतोडीला जाणारे, कुपवाडच्या फाउंड्रीतले कामगार, घरोघरी भांडी घासणाऱ्या. चोरीची बातमी पेपरात येते, पण ठसा नाकारला जाणं हे रोजचं नुकसान आहे आणि ते फारसं कुणी लिहीत नाही.

एका हळदीवाल्या मावशींचा हात मला अजून आठवतो. नखांच्या कडेपर्यंत पिवळा, आणि बोटांची टोकं वापरून वापरून गुळगुळीत झालेली. अंगठा सात वेळा लावला. प्रत्येक वेळी लाल दिवा. त्या माझीच माफी मागायला लागल्या, जणू त्यांचंच काही चुकलं होतं. मग कोमट पाण्याने हात धुवायला लावले, कोरडे पुसले, किंचित खोबरेल लावून पुन्हा पुसले, मशीनची काच स्वच्छ केली आणि एकेक बोट घेत गेलो. उजव्या हाताची अनामिका पहिल्याच दमात आली. तेव्हापासून त्या दारातूनच ते बोट वर करून येतात.

म्हणजे अंगठाच पाहिजे असा नियम नाही. दहापैकी कुठलंही बोट चालतं. आपलं कुठलं बोट चांगलं येतं ते एकदा शोधून लक्षात ठेवा. बोट फार दाबू नका, दाबल्याने रेषा पसरतात. एवढं करूनही येत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे अपडेट करा, कारण दहा वर्षांपूर्वीचं बोट आणि आजचं बोट यांत कष्टाचा फरक पडलेला असतो. जिथे सोय आहे तिथे बुबुळ किंवा चेहरा मागा.

ठसा जुळला नाही म्हणून रेशन नाकारलं तर?

नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणाने २०१७ सालीच परिपत्रक काढून पर्यायी व्यवस्था ठेवायला सांगितलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातही ठसा न जुळल्यामुळे कुणाचा हक्काचा लाभ बुडता कामा नये, ही भूमिका नोंदली आहे. दुकानदाराशी भांडू नका. त्याच्याकडेही तेच मशीन आणि तेच नेटवर्क आहे. कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याचा ठसा किंवा ओटीपी घ्यायला सांगा. तरीही अडवलं तर १९६७ वर तक्रार करा आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या.

हयातीच्या दाखल्यासाठी वडिलांना दर नोव्हेंबरला बँकेत न्यावंच लागतं का?

नाही. २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला आहे आणि २०२१ पासून चेहऱ्यावरूनही होतं, घरातल्या अँड्रॉइड फोनवर. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनधारकांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आपल्या आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांची घरं पुष्कळ, त्यांनी ही सोय जरूर वापरावी. खिडकीसमोर उजेडात बसवा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. एवढंच पाहा की दाखला स्वतः किंवा घरच्याने काढावा. "घरी येऊन फुकट काढून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसापुढे वडिलांना बसवू नका. पोस्टमन घरी येऊन काढून देतो, त्याचं ठरलेलं शुल्क असतं आणि तो ओळखीचा असतो.

कारखान्यात चेहऱ्याची हजेरी सुरू झाली. नाही म्हणता येतं का?

सरळ नाही म्हणणं अवघड आहे. नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती वापरण्याची मुभा २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ठेवली आहे. पण ती माहिती सांभाळायची जबाबदारीही दिली आहे. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेतच. त्यांत बायोमेट्रिक ही संवेदनशील माहिती म्हणून स्पष्ट लिहिली आहे.

एकट्याने जाऊन वाद घालण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून एचआरला लेखी विचारा. डेटा कुठे साठतो? मशीन कुणी पुरवलं? काम सोडल्यावर तो किती दिवसांत पुसणार? ज्याचा ठसा येत नाही त्याला कार्ड मिळेल का? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा, कारण मशीनने ओळखलं नाही म्हणून अर्धा दिवस कापला गेलेले कामगार माझ्याकडे येऊन बसलेले आहेत.

मुलीच्या क्लासमध्ये बोटाची हजेरी आहे. द्यावी का?

माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. हजेरीसाठी वही पुरते. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या एका शाळेने चेहऱ्यावरून हजेरी घेऊन बघितली, पालकांची संमती घेऊन. तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने तरीही दंड केला. शाळेपुढे विद्यार्थ्याची संमती खऱ्या अर्थाने मोकळी नसते आणि हजेरी याहून साध्या मार्गानेही घेता येते, ही त्यामागची कारणं. मला ती पटतात. मुलीला त्याच बोटाने पुढची साठ-सत्तर वर्षं काढायची आहेत. आपल्या नव्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांसाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे, म्हणजे विचारण्याचा अधिकार तुमचाच.

आधारचं वेगळं. तिथे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांची बायोमेट्रिक अपडेट करावीच लागते. ती चुकवू नका, पुढे शिष्यवृत्तीला आणि परीक्षेच्या अर्जाला अडतं.

जिम, सोसायटीचं गेट?

कार्ड मागा. नाही म्हणाले तर सभासदत्व संपल्यावर डेटा पुसल्याचं लेखी मागा.

विमानतळावरचं डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायचं?

पुण्याला आहे. ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. दारात कुणी "करूनच घ्या" म्हणालं तरी साध्या रांगेतून ओळखपत्र दाखवून जाता येतं.

मी झोपेत असताना कुणी माझं बोट लावून फोन उघडला तर?

उघडतो. घरात पोरं गेमसाठी करतात आणि काही घरांत संशयापायी मोठी माणसंही करतात. बायका हा प्रश्न मला दुकान रिकामं झाल्यावर हळूच विचारतात. त्यांच्यासाठी सांगते : फोनला बोट ठेवा, पण पैशांच्या आणि मेसेजच्या ॲपला वेगळा पिन लावा. रात्री झोपताना फोन बंद करून पुन्हा चालू करा. चालू झाल्यावर पहिल्यांदा तो पिनच मागतो, बोट घेत नाही. आणि सेटिंगमध्ये जाऊन किती बोटं नोंदवली आहेत ते बघा. दोनपैकी एक तुमचं नसेल तर तिथेच काढून टाका. स्वस्तातल्या फोनला चेहऱ्याचं कुलूप ठेवू नका, त्यांतले काही नुसत्या फोटोलाही उघडतात.

माझा आधार कुठे कुठे वापरला गेला हे कळतं का?

कळतं. माय-आधारमध्ये पडताळणीचा इतिहास दिसतो, मागच्या सहा महिन्यांचा. तारीख, वेळ, बोट होतं की ओटीपी, सगळं. महिन्यातून एकदा बघायची सवय लावा. कुठे झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क आधार द्या, नाहीतर आधार क्रमांकाऐवजी चालणारा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी.

मग हे सगळं नकोच का?

तसं मी म्हणत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा कपाटातली पासबुकं, रेशनकार्डं, खरेदीखतं सगळी लगदा होऊन गेली. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेले लोक रिकाम्या हाताने आले आणि बोट लावून स्वतःचे पैसे घेऊन गेले. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. पुढच्याच वर्षी न्यायालयाने अनुदानासाठी आधार कायम ठेवलं, पण सिमकार्डासाठी आणि बँक खात्यासाठी त्याची सक्ती काढली. सोय आणि सक्ती यांत ओढलेली ती रेघ मला महत्त्वाची वाटते. सिमच्या दुकानात आजही "आधारशिवाय होत नाही" म्हणतात. दुसरं ओळखपत्र पुढे करा, होतं.

पण ताई, तुमच्या मशीनवर तरी विश्वास का ठेवायचा?

ठेवू नका, तपासा. माझ्याकडे आलात तरी बोट टेकवण्याआधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि रक्कम वाचा. वाचता येत नसेल तर कुणालातरी सोबत आणा. एका व्यवहाराला एकदाच बोट. "आलं नाही, परत लावा" असं कुणी म्हणालं तर आधी व्यवहार फसल्याची पावती मागा, मगच दुसऱ्यांदा टेकवा. दोनदा पैसे कापण्याचे प्रकार याच वाक्याच्या आडून होतात. कोऱ्या कागदावर किंवा शाईच्या पॅडवर अंगठा मागितला तर उठून जा, कारण या कामाला शाई लागतच नाही. निघण्याआधी मोबाईलवर मेसेज आला का बघा. आला नाही तर टेबलासमोरच उभे राहा आणि मला शिल्लक तपासून दाखवायला लावा. मागे रांग असली तरी.